लिंबाएवढीही नसलेली मोटरसायकल

यंदा दसऱ्याला माझ्या नव्या स्कूटरच्या चाकाखाली लिंबू फुटलं आणि त्या वासासरशी केदारखेड्याची आमची ओसरी आठवली.

तेव्हा मी जालन्यात कॉलेजला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आमचे सर जुन्या मोटरसायकलींच्या छोट्या प्रतिकृती जमवायचे. निबंधात पहिली आले म्हणून त्यांनी मला एक दिली होती. अंगठ्याएवढी, पण हँडलसुद्धा वळायचं.

दसऱ्याला घरी ती दाखवली, तर काका हसले. "खेळण्यासाठी जालन्याला जाऊन राह्यली का ही? बस झालं कॉलेज."

मी ती पिशवीत ठेवू लागले. माझे वडील, अप्पा, ओसरीवर विळे-कुदळी पुजत होते. त्यांनी हात पुढे केला, मोटरसायकल विळ्याशेजारी ठेवली, कुंकू लावलं. चाकाखाली ठेवायला लिंबू उचललं, पण गाडीपेक्षा लिंबूच मोठं.

"लिंबू मोठ्या गाडीला ठेवू," अप्पा काकांना म्हणाले. "हिचं शिक्षण होऊ दे मंग."

तेव्हा मला फक्त कॉलेज वाचल्याचं बरं वाटलं होतं. त्या वाक्यात अप्पांनी काय कबूल केलं, ते बहुधा मला कळलंच नव्हतं.

यंदा लिंबू अप्पांनीच ठेवलं. त्याआधी म्हणाले, "ती ल्हानी कुठंय? पहिलं कुंकू तिला लाव."