पाच दात आणि सासऱ्यांचं सुतक

माझे सासरे वारले नव्हते, हे मी वेळीच सांगायला हवं होतं.

झालं असं, की तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन माझे पाच दात कामातून गेले. बायको रोज टोकायची. शेवटी मी ओरडलो, "दात माहे आहेत, मी पाहून घेईन!" ती पिशवी भरून कामठ्याला माहेरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप गोंदियाला जाऊन पाचही दात काढून आलो. (पश्चात्ताप दाखवायची ही पद्धत मी कुणालाही सुचवणार नाही!)

सकाळी उठलो तर घर गप्प. तोंडात कापूस, जबड्याला पांढरा दुपट्टा, दोन दिवसांची थंड चूल. फोन हातात घेऊन दारात बसलो. बोलता येत नव्हतं, आणि येत असतं तरी काय बोलणार होतो? रडायलाच आलं.

शेजारचा सुखदेव थबकला. "भाऊ, काऊन रडून राहिले जी? वहिनी परवा रडत गेली, तुमची चूलबी पेटली नाही... सासरा गेला का?"

मी जोरात नकारार्थी मान हलवली. कळ मस्तकात गेली आणि डोळ्यांतून धारा लागल्या!

"अरे देवा, गेलाच! पाहा, सहन नाही होऊन राहिलं बिचाऱ्याले."

मयत झालेल्या घरी आमच्याकडे चूल पेटत नाही, जेवण शेजारी आणतात. तासाभरात तीन घरचा वरण-भात आला. माझ्या खिशात कागद-पेन होतं, हे कबूल करतो. पण दोन दिवसांत पहिल्यांदाच कुणी पाठीवर हात ठेवून शेजारी बसलं होतं. कागद काढलाच नाही. वरण-भात गार करून तिन्ही डबे मात्र संपवले!

दुपारी सुखदेव चार बाया घेऊन ऑटोनं कामठ्याला सांत्वनाला गेला. अंगणात सासरे चहा पीत बसलेले! बाया ऑटोतूनच गळा काढत उतरल्या. सासरे म्हणाले, "या, बसा. कोण मेलं?"

संध्याकाळी बायको सासऱ्यांनाच घेऊन दारात उभी. मला धास्ती एकच: ही राहते, की भांडून परत जाते?

"माह्या जित्या बापाले मारून टाकलं तुमी?" तिनं दुपट्टा ओढला, तोंड उघडायला लावलं. आत पाहिलं आणि आवाजच उतरला. "पाचही? अन् एकटेच गेले? मले फोन काऊन नाही केला?"

पिशवी आत ठेवून ती चूल पेटवायला गेली. माझा जीव भांड्यात पडला.

सासरे समोर बसले. "जावई, माह्यासाठी लय रडले म्हणते?"

मी डोळे मिटून अत्यंत दुःखानं मान डोलावली. तेवढ्यात त्या दिवसातला माझा पहिला स्पष्ट उद्गार बाहेर पडला: तीन डब्यांचा ढेकर!