घाट चढून गेलेल्या खुंट्या

कारखान्याच्या मोठ्या शेठनी मला फसवलं आणि मी नेकनूरला फसवलं. त्यांनी जाणूनबुजून, मी अजाणता. पण ज्यांनी इतकी वर्षं आपल्या रानातला पट्टा माझ्या शब्दावर पडीक ठेवला, त्यांना या फरकाचं काय? म्हणून हे लिहितो आहे. नेकनूरला राहिलेल्यांनी वाचावं, आणि माझ्याबरोबर हैदराबादेला आलेल्यांनीही.

निघालो त्या दिवशी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः घडवलेली बैलगाडी जुंपली. जालन्याचं ठेसन चार मुक्कामांवर होतं. मायनं भाकरीचं गाठोडं मांडीवर ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "तिकडं लई मोठ्यानं बोलू नकोस. तुझं बोलणं लोकाला भांडण वाटतं." तिचं मी ऐकलं नाही. मोठ्यानंच बोललो आणि मोठ्यानंच वर आलो.

मांजरसुंब्याचा घाट उतरताना आबांनी गाडीच्या मागं ओंडका बांधला, म्हणजे गाडी बैलांच्या अंगावर जाऊ नये. दर वळणावर ते खाली उतरत आणि चाकांकडं बघत. "बैल कुठं बी चढंल," ते म्हणाले. "चाकाला वाट वळवून द्यावी लागती." माझं लक्ष नव्हतं. मी हैदराबादेत होतो.

मला कारखान्यानं बोलावलं त्याचं कारण सांगतो. आमचं घर सुताराचं. चाकावर लोखंडी धाव बसवायची तर ती चाकापेक्षा किंचित लहान करावी लागते. गोवऱ्यांच्या गोल जाळात ती लाल करायची, फुगली की चाकावर टाकायची आणि वरून पाणी ओतायचं. आक्रसते आणि लाकडाला अशी धरते की चाक मोडेल, धाव निघणार नाही. किती लहान करायची हे आबा नुसत्या नजरेनं सांगत. त्यांनी घडवायचं आणि मी बाजारात विकायचं, अशी आमची वाटणी. नेकनूरच्या बाजारात माझ्याशी भाव करून हसत घरी गेलेलं गिऱ्हाईक अजून कुणी दाखवलेलं नाही. तिथंच कारखान्याचा माणूस आला. आगगाडीच्या चाकालाही तशीच तापवून धाव चढवतात, ते काम येणारी माणसं त्याला हवी होती. मी दहा असामी घेऊन निघालो.

जालन्याला इंजिन आलं तेव्हा लोक मागं सरले. आबा मात्र पुढं झाले, वाकले आणि डब्याच्या चाकावर पंजा ठेवला. "आरं, हिला बी धाव हाय की!" त्यांचा चेहरा असा उजळला, जणू परमुलखात भावकीतलं कुणी भेटलं. गाडी हलताना ते खिडकीशी चालत राहिले. "तुज्या हातची गाडी एक दिवस आपल्या दारात आण," म्हणाले. दुसरं काहीच मागितलं नाही.

कारखाना म्हणजे तेव्हा पत्र्याचं एक छप्पर होतं. दोन भट्ट्या, आणि गवतात संपणारे रूळ. मोडके मालडबे यायचे, आम्ही कुजक्या फळ्या काढून सागाच्या घालायचो. भोंगा, हजेरी, बफर, रिव्हेट, एक्सल हे शब्द महिन्याभरात तोंडात बसले. माझ्या शेजारच्या घणावर गणपा होता, गेवराईकडच्या चकलांब्याचा लोहार. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "नेकनूरचा का बे तू? मग तू बोल, मी घण मारतो. दोगांची कामं झाली." त्या घडीपासून आम्ही एका ताटात जेवलो.

पुढं मालकांनी अख्खा नवा डबा बांधायला घेतला. तो पुरा झाला त्या दिवशी इंजिनाची वाट कोण बघतो? सगळ्या खात्यांनी हात लावून तो ढकलत गवतापर्यंत नेला. धाव घट्ट बसली का हे बघायला गणपा तिच्यावर नखानं टिचकी मारून कान लावून ऐकत होता. आजही तसली टिचकी ऐकली की माझ्या अंगावर काटा येतो.

मग विलायतेची लढाई लागली. तिकडून येणारं सामान बंद पडलं आणि इथं डब्यांची मागणी वाढली. छपराची दहा छपरं झाली, लोखंड ओतायला स्वतःची ओतशाळा आली, वजन उचलायला क्रेन आली. मी मुकादम झालो. दुसऱ्या रेल्वेच्या कारखान्यांनी आमच्या माणसांना बोलावणी धाडली आणि आमची बीडकडची माणसं जायला उठली. तेव्हा मोठ्या शेठनी मला एकट्याला बोलावलं. "धोंडीराम, तुझी माणसं थांबव. काय पाहिजे ते बोल."

माणसांना पगारवाढ हवी होती. मी रूळ मागितले. जालन्याहून गेवराई, बीड करत नेकनूरपर्यंत रेल्वे. सरकारदरबारी शेठचं वजन होतं. मोजणी स्वतःच्या खर्चानं करू, मंजुरी आणू, असं ते म्हणाले. मी खांद्यावरचा रुमाल काढला. आमच्याकडं बैलाचा सौदा असाच होतो. रुमालाखाली हात, बोटं दाबून आकडा, आणि एकदा दाबलेलं बोट कुणी फिरवत नाही. फिरवलं तर त्याला बाजारात पुन्हा उभं करत नाहीत. मी दोन बोटं दाबली, लढाई संपल्यावर दोन वर्षांत. शेठनी हसून दोन बोटं दाबली. जन्मभर मी लोकांकडून चार गोष्टी जास्त काढल्या, आणि त्या दिवशी कागद मागितला नाही. रुमालाची अब्रू त्यांनाही असेल असं धरून चाललो.

माणसं माझ्या शब्दावर थांबली, वाढ न घेता. लढाई संपली आणि खरंच मोजणीची माणसं नेकनूरला गेली. आमच्याच ओतशाळेतल्या लोखंडी खुंट्या त्यांनी रुळाची वाट आखायला रानोरान ठोकल्या, डोक्याला पांढरा रंग दिलेल्या. गावाकडून पत्र आलं तेव्हा मी ते सगळ्या खात्यांत वाचून दाखवलं. आणि शपथ घेतली की आता नेकनूरला जाईन तर रुळावरूनच.

फक्त गणपा हसला नाही. "आमच्या गेवराईत एक बी खुंटी न्हाई म्हणतेत," तो म्हणाला. "मग गाडी बीडला काय आभाळातून उतरणार हाय का बे?"

मी त्याला सगळ्यांसमोर नको ते बोललो. तुझ्या गावाला मिळालं नाही म्हणून जळतोस, असं म्हणालो. त्यानं घण खाली ठेवला, ताट वेगळं केलं, आणि पुढच्या महिन्यात कारखानाही सोडला.

दोन वर्षं उलटली, आणखी दोन गेली. विचारलं की शेठ म्हणत, मंजुरी अडली आहे. त्याच काळात कारखान्यातून उतारूंचे डबे बाहेर पडू लागले, आत बाकं, वर जाळीची फळी, खिडकीला सागाची झडप. मी एकेका डब्याकडं बघून ठरवायचो, आबांना यात बसवीन.

आबा अंथरुणाला खिळले तेव्हा शपथ मोडून निघालो. पुन्हा जालना, पुन्हा गोदावरीची नाव, पुन्हा बैलगाडी. गेवराई ओलांडून बीडपर्यंत मी दोन्ही बाजूंना बघत राहिलो. खुंटी दिसली नाही. बीडच्या पुढं दिसली. छाती भरून आली. मग घाट आला, आणि गाडीवानाला थांबवून मी खाली उतरलो.

खुंट्या सरळ वर गेल्या होत्या. वळण नाही, वळसा नाही, शेळी चढते तशा दरडीवरून नाकासमोर माथ्यापर्यंत. डबे बांधण्यात माझी उमर गेली. रूळ किती चढ सोसतो हे कारखान्यातला झाडूवालाही सांगेल. या वाटेनं रिकामा डबासुद्धा चढला नसता. ही मोजणी नव्हती. आमच्या माणसांनी घणाला हात लावून राहावं म्हणून मांडलेलं बुजगावणं होतं. चाकाला वाट वळवून द्यावी लागती. आबांचं ते बोलणं मला त्या दरडीखाली उभं राहून पहिल्यांदा ऐकू आलं.

गावात शिरलो तर खुंट्यांच्या दोन्ही अंगांना रान पडीक. ज्वारीच्या हिरव्या शेतांतून गवताचा एक पिवळा पट्टा, बैलगाडी जाईल एवढा रुंद. कुणी सांगितलं नव्हतं, गावानं आपणहून सोडला होता. आमच्या बांधावरच्या खुंटीला कुंकू लागलेलं. माय म्हणाली, "पोळ्याला बैलाच्या आदी तिला लावतेत तुजे आबा. का म्हणून, ते तूच समज."

आबांनी माझा हात धरला आणि विचारलं, "कदी येतीय रं तुजी गाडी?"

"येतीय आबा," मी म्हणालो. "मंजुरी आली."

त्यांनी डोळे मिटले ते समाधानानं. माझ्या आयुष्यातला हा एकच सौदा असा, ज्यात मी माल नसताना विकला. आठ दिवसांनी ते गेले.

परत आल्यावर शेठच्या टेबलासमोर मी इतक्या मोठ्यानं बोललो की बाहेरची मशिनं थांबली. त्यांचा आवाज चढला नाही. "बाजारात बैल विकताना त्याच्या सगळ्या खोडी सांगतोस का तू?" म्हणाले. आणि मग, "रुमाल के नीचे कौन था, धोंडीराम? गवाह लाव."

त्याच दिवशी मुकादमी टाकली. आज माझी स्वतःची लाकडाची वखार आहे. त्यांच्या डब्यांना लागणारा साग माझ्याकडूनच जातो आणि भाव मी सांगेन तो असतो. लोक म्हणतात, वसूल केलंस. काय वसूल केलं? गणपा चकलांब्याला परतला आहे, त्याला मी अजून तोंड दाखवलेलं नाही. त्यानं हे वाचलं तर समजावं की तो बरोबर होता आणि मी गाढव होतो.

माझी मुलं विचारतात, आपलं गाव कसं आहे. मला घर आठवत नाही, बाजार आठवत नाही. शेतातून गेलेला तो पिवळा पट्टा आठवतो. गावकऱ्यांनो, तो नांगरून टाका. गाडी येणार नाही. हे मी त्याच वर्षी चावडीसमोर उभं राहून सांगायला हवं होतं. माझ्या वाट्याचा जबाब हा असा, उशिरानं, पण दिला.

आता दुसरा जबाब राहिला. मोठे शेठ वारले, त्यांच्या खुर्चीत त्यांचा मुलगा बसतो. मेलेल्या माणसाला काय विचारायचं, असं तो मला म्हणाला. मग मी तुम्हाला विचारतो, धाकटे शेठ. खुर्ची घेतलीत, कारखाना घेतलात, मग ती दोन बोटंही तुमच्याकडंच आली. नेकनूरला या. तुमच्या ओतशाळेच्या खुंट्या आमच्या रानांतून स्वतःच्या हातानं उपटा, आमच्या बांधावरची शेवटी. आणि बाजारात उभे राहून, रुमाल न टाकता, उघड्या हातानं सांगा की घाटावर त्या कुणी ठोकायला लावल्या.