मामाने जे कळवलं नाही

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहिलं, दोनदा उडवलं. शेवटी मामालाच विचारलं तर म्हणाला, "लिही की. माझं काय जातंय? लोक थोडेच वाचणारेत!" म्हणून आता एका दमात टाइप करतेय, परत वाचणार नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. गाड्यांच्या सीटा शिवतो. गॅरेजच्या ओळीत शेवटचं दुकान. आत जाड सुईचं मशीन, रेक्झिनचे गुंडाळे, फोमचे तुकडे, आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा असा वास की नवीन माणसाचं डोकंच धरतं. वर एक खोली. खोलीत खुर्ची एकच. आई म्हणते, "अरे, कोणी आलं तर बसेल कुठे?" तर हा म्हणतो, "उभं राहिलं की माणूस लवकर जातो." आम्ही सगळे हसायचो. पण मुळात यायचं कोण? गिऱ्हाईक दुकानातच उभं राहायचं, सीट घ्यायचं, निघून जायचं. मग मामा शटर ओढायचा, वर जायचा, आणि खिडकीशी बसून समोरच्या भिंतीकडे बघत जेवायचा. वर्षानुवर्षं हेच.

तरुणपणी तो फौजेत होता, परमुलखात मोहिमेवरही गेला होता, एवढंच आम्हाला माहीत. त्यापुढे विचारलं की तोंडाला कुलूप.

मग मागच्या हिवाळ्यात एक दिवस दुकानात एक बाई आल्या. हातात पिशवी. पिशवीत व्हीलचेअरची नुसती सीट, स्क्रू काढून आणलेली, मधोमध फाटलेली.

"भाऊजी, ओळखलंत का?"

मामाने ओळखलं. लग्नात पाहिलं होतं त्यांना. तुफानची बायको.

तुफान म्हणजे फौजेतला मामाचा जिवलग. पाण्याचा टँकर चालवायचा, आणि इतका हळू चालवायचा की पोरांनी नाव तुफान ठेवलं. आणि मामाचं नाव घुबड, कारण टेहळणीच्या मनोऱ्यावर तो असला की म्हणे उंदीरसुद्धा सुटायचा नाही. दोघं एका ताटात जेवलेले. आता राहायचेही एकाच शहरात, हा या टोकाला, तो त्या. आणि परत आल्यापासून मामा एकदाही त्याच्याकडे गेला नव्हता. फाटकापर्यंत जाऊन मागे फिरला होता, ते वेगळं.

"ते म्हणाले, घुबडाकडेच दे," वहिनी सांगत होत्या. "आणि त्यानेच आणून बसवायची. दुसऱ्या कोणी बसवलेली मी वापरणार नाही, म्हणाले. तोवर पलंगावर पडून राहतील. हट्टी आहेत, तुम्हाला माहितीच आहे."

आता सुटका कशी होणार? सीट शिवली नाही तर तुफान पलंगावर. शिवली तर समोर जाणं आलं. आणि समोर जायचं तर ती गोष्ट सांगायची की परत गिळायची, हे आलंच.

ती गोष्ट अशी. मामाच्या तळापुढच्या रस्त्यावर आधी सुरुंग फुटले होते, पोरं गेली होती. म्हणून नियम आला. दिवस मावळल्यावर रस्त्याकडेला कोणी खणताना दिसला की तो शत्रू. वायरलेसवर कळवायचं. कळवल्यावर गोळी घालायचाच हुकूम येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. नियम काही कोणी दुष्टपणाने केला नव्हता, पोरांचे जीव वाचावेत म्हणूनच होता.

एका संध्याकाळी, दिवस नुकताच मावळलेला, मामा मनोऱ्यावर एकटा. दुर्बिणीत एक माणूस दिसला. वळणाच्या अलीकडे, रस्त्याला लागून, हातात फावडं. माती काढून लांब एका बाजूला टाकत होता. मामाचा हात वायरलेसवर गेला आणि तिथेच राहिला. कारण मामाचं लहानपण शेतात दारं धरण्यात गेलेलं, म्हणजे पाटाचं पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवायचं काम. दारं धरणारा माणूस असाच वाकतो, माती अशीच एका अंगाला ओढतो. सुरुंग पुरणारा ढीग जवळच ठेवेल ना, परत लोटायला? मामाला वाटलं, हा बिचारा पाणी वळवतोय. त्याने कळवलं नाही. थोड्या वेळाने तो माणूस खांद्यावर फावडं टाकून निघून गेला.

सकाळी त्याच वळणाजवळ तुफानचा टँकर उडाला. गाडीत तो एकटाच होता. जीव वाचला, पाय गेले.

चौकशीत साहेबाने विचारलं, "काल काही दिसलं?" मामा म्हणाला, "नाही, साहेब."

बस. तेव्हापासून तो कोणाचाच राहिला नाही.

सीट त्याने त्याच दिवशी शिवली. दुहेरी रेक्झिन, कडेला दोन टाके जास्तच. काखोटीला मारली आणि चालत निघाला. बसने जायचं नाही, म्हणजे तेवढाच उशीर.

तुफान पलंगावर उशीला टेकून बसला होता. "या! घुबडं दिवसाउजेडी पण बाहेर पडतात वाटतं!"

मामा हसला नाही. गुडघ्यावर बसून स्क्रू पिळायला लागला. मान खाली होती, म्हणून बोलायला जमलं असेल.

"तुफान, आदल्या संध्याकाळी मी एक माणूस पाहिला होता."

"कुठे?"

"वळणावर. फावडं घेऊन."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

"कळवलंस?"

"नाही."

"का?"

"दारं धरतोय वाटलं."

"वाटलं?"

"हो. वाटलं."

"अरे, कळवलं असतंस तर मी डोंगराकडच्या दुसऱ्या रस्त्याने गेलो असतो!"

"कळवलं असतं तर त्याला तिथेच उडवला असता."

"मग उडवायचा होता!" तुफान असा ओरडला की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. मग तोच हळू आवाजात म्हणाला, "आणि खरंच पाणी वळवत असता तर?"

"तेच तर. वाफ्यात पाणी दिसलं होतं का, तेच आता आठवत नाही रे. रोज आठवायला बसतो. कधी पाणी चमकतं, कधी नुसती माती."

"चौकशीत तरी बोलायचंस."

"मला आत टाकलं असतं."

"टाकलं असतं. मी आलो असतो साक्षीला. तुझ्या बाजूने की विरुद्ध, ते तेव्हा बघितलं असतं." तुफानने डोळे पुसले. "हॉस्पिटलात सगळे आले. तू नाही. मी लोकांना सांगायचो, घुबड हळवा आहे, त्याला बघवणार नाही. बायकोलाही तेच सांगितलं. मूर्ख मी."

मामाने शेवटचा स्क्रू घट्ट केला. सीटवर हात दाबून बघितला.

"झालं?"

"झालं."

"मग निघ आता. माझं डोकं फिरलंय, काहीतरी फेकून मारीन."

मामा उठला. चप्पल घालत होता तेवढ्यात आतून आवाज आला, "शनिवारी ये. भांडण अर्धं राहिलंय."

शनिवारी मामा गेला. तुफान तोंड फिरवून पडून राहिला. वहिनींनी चहा दिला, मामा तो पिऊन परत आला. पुढच्या शनिवारी मात्र शिव्यांची लाखोली! त्याच्या पुढच्या वेळी दोघं म्हणे वाफ्यातल्या पाण्यावरून तासभर भांडले, त्या महिन्यात तिकडे पाटाला पाणी असतं की नसतं. ठरलं नाही. ठरणारच नाही बहुतेक. जो सांगू शकेल तो माणूस कोण, कुठला, आहे की नाही, कोणालाच माहीत नाही.

मी मामाला विचारलं, "माफ केलं का रे त्यांनी?"

"नाही."

"मग कशाला जातोस?"

"बोलावतो ना," मामा म्हणाला आणि मशीन सुरू केलं.

बाकी दिवस तो अजूनही एकटाच असतो हं. एका शनिवाराने किती भरून निघणार? पण मला सारखं वाटतं, तुमचंही कोणाकडे तरी जायचं राहिलंच असेल. फाटकापर्यंत जाऊन फिरला असाल. तिथे माफी मिळेल असं मी अजिबात सांगत नाही, शिव्याच मिळतील कदाचित. तरी जा ना, प्लीज. या आठवड्यातच जा.