गहाणवाले डॉक्टर

लहान मुलाची दाढ कोरून झाली की आमचे डॉक्टर त्याची एखादी लाडकी वस्तू ठेवून घेतल्याशिवाय त्याला सोडत नसत. कुणाचा भोवरा, कुणाची शिट्टी, कुणाची लाकडी बैलगाडी. "पुढच्या शनिवारी ये आणि सोडवून ने," म्हणायचे. चाकणच्या बाजारात त्यांचं नावच गहाणवाले डॉक्टर पडलं होतं.

पिंपरीला कारखाने तेव्हा कुठे उभे राहू लागले होते. मी बाजारपेठेतल्या आमच्या घरात नुकतीच सून म्हणून आले होते. दर बाजारच्या दिवशी डॉक्टर तळेगावाहून पहिल्या गाडीने येत आणि आमच्या पडवीत दात कोरायचं, पायाने चालवायचं यंत्र मांडत. गुळाचा खडा तोंडात टाकल्याशिवाय कामाला बसत नसत. मी टोकलं की म्हणत, "माझे दुधाचे केव्हाच पडले, वहिनी." गहाण सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. त्यासाठी मी पत्र्याचा एक डबा रिकामा करून दिला होता.

ही हौस नव्हती, नाइलाज होता. दुधाच्या दाढेत कीड खोल गेली की एका बैठकीत काम भागत नसे. पहिल्या खेपेला ते कीड कोरून काढत, आत औषधाचा बोळा ठेवत आणि वरून लवंगेच्या वासाचा लगदा भरत. आठवड्याने ते उघडून आतली मेलेली नस साफ करायची, मग दाढ कायमची भरायची. पण पहिल्या बोळ्यानेच ठणका थांबे, आणि ठणका थांबला की आई-बाप पुन्हा फिरकत नसत. दुधाचेच दात, आज ना उद्या पडायचेच, असं म्हणत. डॉक्टर म्हणत, "पडू दे की, पण त्याच्या वेळेला पडू दे." आणि पडवीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला बजावत, "दुखतंय तोवर दात जिवंत आहे. दुखायचं थांबलं की घाई करा." लोक माना डोलवत आणि वळले की हसत.

मोठ्यांपुढे हात टेकले, म्हणून त्यांनी मुलांना धरलं होतं. भोवऱ्यासाठी पोर रडून घर डोक्यावर घेई आणि बाप निमूटपणे त्याला घेऊन येई.

कुरुळीच्या धोंडिबाची तानी सहा वर्षांची असेल. तिने चिंध्यांची बाहुली माझ्या हाती दिली, तीही कितीतरी सूचना देऊन. बाहुलीचीही दाढ दुखते, तिला भाकरी दुधात कुस्करून द्यायची. पुढच्या शनिवारी धोंडिबा कांद्याची गाडी घेऊन एकटाच आला. पोरगी रात्रंदिवस बाहुली मागत होती, तिचं रडणं बघवेना, म्हणून आईने लुगड्याचा काठ फाडून नवी शिवून दिली होती. "आता ती खुशीत हाय. दाढ बी दुखत न्हाई," तो म्हणाला. डॉक्टरांनी त्याला परोपरीने समजावलं. पुढच्या बाजारी आणतो, असं कबूल करून तो गेला. शेतातला उरलेला कांदा काढणीला आला होता, ते राहिलंच.

शेवटी एका शनिवारी त्याने तिला आणलं तेव्हा गाल सुजून डोळा मिटला होता आणि अंगात ताप फणफणत होता. डॉक्टर तिला मांडीवर घेऊन मिळेल त्या मालमोटारीने पुण्याला गेले. तानी परत आली नाही.

त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी यंत्र मांडलंच नाही. डबा मागून घेतला आणि ज्याची त्याची वस्तू परत पोचवली. बाहुली तेवढी उरली. तानीच्या आईला ती बघवत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तिचं दुखणं मी थांबवलं, आणि तेच तिच्या जिवावर बेतलं."

मी म्हणाले, तुमची काय चूक? पण माझे शब्द मलाच पोकळ वाटले. पुढे त्यांनी गहाण घेणं सोडलं. मूल आलं नाही की सायकल काढून स्वतःच त्याच्या गावी जात. दम लागायचा, वय झालं होतं. अशाच एका फेरीनंतर त्यांनी अंथरूण धरलं, ते पुन्हा उठले नाहीत.

ते गेल्यावरही शनिवारी मी सवयीने पडवी झाडून ठेवायची. एकदा धोंडिबा धाकट्या मुलाचं बोट धरून आला. डॉक्टर गेल्याचं त्याच्या कानावर आलं नव्हतं. मी सांगितलं, तसा तो पायरीवर बसला. मुलगा मजेत पेरू खात होता. मी विचारलं, फार दुखतंय का याला?

"दुखत व्हतं," धोंडिबा म्हणाला. "काल थांबलं. म्हनून तर पळत आलो."