ग रांगेतली चौदावी खुर्ची

आमचे हे तेवीस वर्षं एकाच थिएटरात डोअरकीपर आहेत. तिकीट फाडायचं, बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची, आणि खेळ सुरू झाला की दाराला पाठ टेकून उभं राहायचं. एकच सिनेमा माणूस किती वेळा बघणार? चौथ्या-पाचव्या खेळाला हे पडद्याकडे बघायचं सोडून देतात आणि बसलेल्या लोकांकडे बघत राहतात. घरी आले की वही काढतात. सिनेमा कसा होता, पेपरात काय आलं, येताना रस्त्यात काय दिसलं, सगळं त्यात. निळ्या पुठ्ठ्याच्या अशा एकतीस वह्या कपाटात होत्या, आणि माझे कपडे पलंगाखालच्या पेटीत.

मी घरी शिवणकाम करते. वह्या मी कधी वाचल्या नाहीत. दिवसभर यांची बडबड ऐकायची आणि वर तीच लिहिलेली वाचायची, एवढा वेळ कुणाला आहे? पण मशीनवर बसले की हे शेजारी खुर्ची ओढून वाचून दाखवत, आणि खोटं कशाला बोलू, कधीकधी मशीन थांबवून ऐकावंसं वाटे.

‘आजच्या सिनेमात नायकाने बावीस माणसं लोळवली आणि त्याचा भांग मोडला नाही. आत टाळ्यांचा नुसता गजर. बाहेर आलो तर पुलावर शिपाई लोकांच्या पिशव्या उपसून बघत होते. टाळ्या वाजवणारे तेच हात पिशव्या उघडून धरून उभे. का म्हणून कुणी विचारलं नाही. मीही नाही.’

‘चौकातला दिवा तीन आठवडे बंद आहे. त्याच्या खांबावर कॅमेरा मात्र नवाकोरा बसवलाय. अंधारात तो काय बघतो देव जाणे.’

‘पेपर पूर्वी बारा पानांचा होता, आता सहा पानांचा. गेलेल्या सहा पानांत काय असायचं ते आठवायला बसलो तर आठवेना. याची जास्त भीती वाटली.’

हे ऐकलं की मी म्हणे, “अहो, हळू वाचा. भिंती पातळ आहेत.” हे हसत.

यांचे दोन नियम होते. एक, वहीत कुणाचं नाव लिहायचं नाही. नाव लिहिलं की ती चुगली झाली, म्हणत. म्हणून नेहमीची माणसं वहीत खुर्चीच्या नंबराने यायची. च-सात म्हणजे बातमीपट लागला की मोठ्याने ‘हॅट्’ म्हणणारे निवृत्त स्टेशनमास्तर. ख-तीन म्हणजे एकट्या येऊन विनोदी सिनेमात रडणाऱ्या नर्सबाई. दुसरा नियम थिएटरातल्या रजिस्टराचा. तिथे आकडा चुकला तर खोडायचा नाही, शेजारी तांबड्या शाईने खरं लिहायचं आणि खाली सही करायची. तोच हे घरच्या वहीत पाळत. एकदा माझ्या वाढदिवसाची तारीख चुकली, तर तीही तांबड्या शाईने दुरुस्त करून खाली सही ठोकलेली. म्हटलं, शिक्का राहिला.

आणि ग-चौदा म्हणजे माझा धाकटा भाऊ. घरात सगळे त्याला बारक्या म्हणतो, चांगला साडेपाच फूट आहे. तो पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत कामाला. गावभरच्या नळांचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं आणि तपासायचं. बुधवारी त्याला सुटी, म्हणून बुधवारी तीनचा खेळ, ठरलेली खुर्ची. गेल्या वर्षी आमच्या भागात घरोघरी माणसं जुलाबांनी आडवी झाली, दवाखान्याच्या व्हरांड्यात गाद्या टाकल्या, समोरच्या इमारतीतली दोन लेकरं गेली. खातं म्हणालं पाणी शुद्ध आहे. मग एका पेपराने प्रयोगशाळेतले खरे आकडे छापले. तिसऱ्या दिवशी त्या पेपराच्या दाराला सील लागलं, बातमी देणारा उचलला गेला, आणि त्याला आकडे कुणी पुरवले याचा शोध सुरू झाला.

बारक्याने पुरवले होते. मला त्याने सांगितलं नाही, मी ओळखलं. विचारलं तर त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी लाडू चोरून खाल्ले तरी अशाच व्हायच्या. पेपराला सील लागल्यापासून तो थिएटरकडे फिरकला नव्हता, बुधवारी ग-चौदा रिकामीच.

साधारण महिनाभराने थिएटरात एक माणूस आला. मऊ आवाजाचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन्सिल. मॅनेजरकडून ऐकलं म्हणे, तुम्ही फार सुंदर लिहिता, मला वाचायला द्याल का? तेवीस वर्षांत यांना असं कुणी विचारलं नव्हतं. बायकोनेसुद्धा नाही. त्याने यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि हे चढले. शेवटच्या चार वह्या पिशवीत घालून स्वतः नेऊन दिल्या. आठ दिवसांनी त्याने ठरल्या दिवशी परत आणल्या. पेपराच्या सहा पानांबद्दल लिहिलंय ते मनाला भिडलं, म्हणाला. त्या दिवशी हे दोन घास जास्त जेवले.

पुढच्या आठवड्यात वहीत आलं, ‘च-सात आज आला नाही.’ त्याच्या पुढच्या आठवड्यात, ‘च-सात नाही. ख-तीनही नाही. दवाखान्यात विचारलं तर बदली झाली म्हणाले, कुठे ते माहीत नाही.’ हे वाचून दाखवताना यांचा आवाज नेहमीसारखाच होता. माझं मशीन मात्र थांबलं. मी उठले, परत आलेल्या वह्या काढल्या आणि जन्मात पहिल्यांदा वाचायला बसले. समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. सिनेमाच्या मतापाशी एक नाही, बातमीपाशी एक नाही. प्रत्येक खूण खुर्चीच्या नंबरापाशी.

एका बुधवारच्या पानावर खुणेला दोनदा गिरवलं होतं. ‘ग-पंधराला आज तो छत्रीवाला बातमीदार. मध्यंतरात ग-चौदाने त्याला पाकीट दिलं आणि सिनेमा अर्धा टाकून गेला. चांगला सिनेमा होता.’

“अहो, हे काय लिहून ठेवलंत?” मी विचारलं. यांनी पान बघितलं, खुणा बघितल्या, आणि खाली बसले. मग म्हणाले, “मी त्याला लेखक वाटलो गं.” मला इतका राग आला होता आणि इतकी दयाही. काय करावं कळेना, म्हणून मी दार लावून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी पेन्सिलवाला ती वही पुन्हा मागायला थिएटरात आला. हे अंधारातही माणूस ओळखतात हे त्याला आता माहीत होतं, तेव्हा आठवत नाही म्हणायची सोय नव्हती. पण आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं. यांनी वही घरून नेऊन दिली तेव्हा ग-चौदा कोण, त्याने विचारलं. हे म्हणाले, घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते, एकटे राहायचे, वारले मागे. तसा माणूस खरंच होता आणि खरंच वारला होता. पेन्सिलवाल्याने मान हलवली, “तेवढं शेजारी लिहून द्या,” म्हणाला. यांनी निळ्या शाईने लिहिलं, ‘घड्याळवाले, वारले.’ सही केली. चार दिवसांनी वही परत आली. मी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली. नवीन खूण नव्हती. माझ्या जिवात जीव आला.

बारक्याला सांगितलं, निघून जा कुठेतरी. तो म्हणाला, “ताई, आत्ता रजा टाकली तर मीच तो, हे ढोल बडवून सांगितल्यासारखं होईल. भाऊजींनी सांभाळलंय ना, मग गप बस.” त्याच्या बायकोला सातवा महिना. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

दोन आठवडे शांत गेले. म्हणजे बाहेरून शांत. आत माझा जीव टांगणीला. जिन्यात पावलं वाजली की मशीनवरचा पाय आपोआप थांबायचा. हे वहीत आता फक्त सिनेमावर लिहायचे, दोन ओळी, शाळेतल्या पोरासारख्या. ‘सिनेमा बरा होता. गाणी बरी होती.’ जेवणात लक्ष नाही, झोप नाही. विचारलं तर, “काही नाही, खोटं लिहिलंय ते टोचतं.” मी म्हटलं, “टोचू दे. माझ्या भावाच्या जिवापुढे तुमचं टोचणं काय घेऊन बसलात?” फार लागेल असं बोलले. पण मी बोलले.

काल दुपारी चारच्या सुमाराला पेन्सिलवाला घरी आला. हे कामावर. “वहिनी, तुम्हाला त्रास देतो, त्या बुधवारची वही एकदाच हवी होती, एक तारीख ताडून बघायचीय.” मी मशीनवरून उठले. मनात म्हटलं, नाही म्हणाले तर संशय येईल, आणि वहीत आहे काय? मीच तर दोनदा वाचलीय. घड्याळवाला कधी वारला एवढंच बघणार असेल, तो त्या बुधवारनंतरच वारला होता. मी कपाट उघडलं, वही काढली, वरची धूळ पदराने पुसली आणि हसून त्याच्या हातात दिली. पाणी हवं का विचारलं. नको म्हणाला. आमच्याकडचं पाणी तो पीत नसावा.

दोन खेळांच्या मधल्या वेळेत हे घरी आले. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की कसा तुमचा पाहुणा आला होता आणि कशी मी चेहरा न हलवता वही देऊन त्याला वाटेला लावलं. यांनी एक बूट काढला होता. दुसरा तसाच पायात.

“कुठली वही?” म्हणाले.

मी सांगितलं.

“त्यात मी दुरुस्ती केलीय,” हे म्हणाले. “परत आल्यावर. तू वाचून ठेवून दिलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. मला वाटलं आता ती कुणी बघणार नाही. कपाटातच तर राहणार होती.” आवाज बॅटरी संपत आल्यासारखा. “ग-चौदा घड्याळवाले नाहीत, माझे मेहुणे, असं लिहिलंय. तांबड्या शाईने. सही केलीय.”

मी यांना मारलं. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, पाठीत, दोन्ही हातांनी. हे हलले नाहीत. मग मी फोन उचलला. बारक्याचा फोन वाजत राहिला आणि त्याच्या बायकोने घेतला.

“ताई, ते घरीच विसरून गेलेत फोन. आत्ताच खाली उतरले, कामावरची दोन माणसं न्यायला आली होती. फार चांगली होती बोलायला, मला वहिनी वहिनी करत होती. कुठलासा कागद ओळखायचाय म्हणाली, अर्ध्या तासात आणून सोडतो.”

“खिडकीतून बघ,” मी म्हटलं. “दिसतोय का?”

ती जडपणे चालत खिडकीपाशी गेलेली मला ऐकू आली. पडदा सरकवल्याचा आवाज झाला.

“नाही हो ताई. गाडी गेली.” मग जरा थांबून, “का? काय झालंय?”

मी तिला एवढंच विचारलं, अंगावर कुठला शर्ट होता त्याच्या.