काळा धूर

परतवाड्याच्या रस्त्याला लागताना एक मोटार-मिस्त्री बसतो. आपण कितीही तावातावानं बोललो तरी तो आपल्याकडे पाहत नाही, इंजिनाकडे पाहतो आणि म्हणतो, “थांबा शेठ, तिले बोलू द्या.”

अकोल्याला इंजिन पुरतं उघडून दुरुस्त करून आणलं, तेव्हापासून माझी संत्र्यांची लॉरी काळा धूर ओकत होती आणि पेट्रोल ढोसत होती. अकोल्याच्या मिस्त्रीची चूक याच्या तोंडून वदवून घ्यायची आणि तिकडे जाऊन भांडायचं, असं ठरवूनच मी आलो होतो.

त्यानं प्लग काढला. तो काजळीनं भरला होता. “पेट्रोल लय पिऊन राहिली, पन हवा नाही भेटून राहिली तिले.”

“त्या अकोल्यावाल्यानं काय करून ठेवलं, थे सांग!”

“तुमी लय गरम होता, शेठ. तुमचाबी प्लग काढून पाहा लागते.”

मग हवेच्या नळीत बोटं घालून त्यानं फडक्याचा बोळा ओढून काढला. दुरुस्ती करताना आत कचरा जाऊ नये म्हणून कोंबलेला आणि तिथंच विसरलेला. माझा पुरावा! मी हात पुढे केला. त्यानं त्याच फडक्याला शांतपणे हात पुसले आणि ते आपल्या चिंध्यांच्या ढिगात फेकलं.

“कामात राहून जाते,” तो म्हणाला. “मारा हँडल.”

भांडायला मी अजून गेलेलो नाही. हात हलवत जाऊन काय सांगणार? राग आहेच. पण भरली लॉरी धूर न सोडता चढ चढते, तेव्हा तो आठवत नाही.