घुंगुरमाळेची गाडी

शहरातल्या त्या मोठ्या मॅरेथॉनचं नाव काढलं की आधी दुखण्यावरच्या स्प्रेचा वास नाकात शिरतो आणि मग मळमळायला लागतं. लोकांना वाटतं, हरली म्हणून बोलते. वाटू दे.

मी पिंपळवंडीची सून. मुलं शिकायला बाहेर गेल्यावर, चाळिशी उलटून गेल्यावर, पुन्हा पळायला लागले. आमच्याकडे पहाटे पळायचं म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या. म्हणून नवरा मोटरसायकलवर हळूहळू मागून यायचा. बैल विकले तेव्हा त्यांची घुंगुरमाळ त्याने ठेवून घेतली होती, ती गाडीच्या हँडलला बांधली. खड्डा आला की ती वाजायची. ती मागे वाजतेय तोवर मला कशाचीच भीती नसायची.

पारावर त्याची टिंगल व्हायची. "बायको पुढं पळती आन् हे मागनं राखण करत्यात, राव!" तो हसून सोडून द्यायचा. मला मात्र ते लागायचं. माझ्या वयाच्या बायकांच्या गटात पहिल्या तिघींत यायचं आणि बक्षिसाच्या पायरीवर उभं राहिलेलं त्याला दाखवायचं, एवढंच मला हवं होतं.

शर्यतीचा रस्ता गाड्यांना बंद होता. "मी गल्ल्यागल्ल्यांतनं येतो," तो म्हणाला.

काय ती घाण! एकेक घोट पिऊन फेकलेल्या बाटल्या, चुरगळलेली चिकट पाकिटं, पायाखाली रगडलेल्या संत्र्याच्या फोडी. बापे पळता पळता शिंकरायचे आणि ते मागच्याच्या अंगावर उडायचं. एक जण कॅमेरा दिसला की पळायचा, कॅमेरा गेला की चालायचा. उसात बिबट्या परवडला.

बरंच अंतर मागे पडल्यावर हिरव्या टोपीची एक बाई गुडघा धरून लंगडताना दिसली. तिच्या छातीवरचा नंबर माझ्यासारखाच पिवळा होता, म्हणजे गटही माझाच. तिला मागे टाकताना वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

शेवट जवळ आला तेव्हा पाय उचलत नव्हते. तेवढ्यात बाजूच्या गल्लीतून घुंगुरमाळ वाजली. आवाज माझ्या बरोबरीने आला आणि पुढे निघून गेला. म्हटलं, आलाय हा, शेवटाला उभा राहायला चाललाय. अंगात होतं नव्हतं तेवढं पायांत घातलं आणि पळाले.

चौथी आले. तिसरीचं नाव पुकारलं आणि हिरवी टोपी पायरीवर चढली.

मला काही उमजेना. नवरा झाडाखाली भाकरीचं फडकं सोडून बसला होता. मोठ्या खुशीत सांगायला लागला, "मगाशी एका बाईला सोडलं बघ. लई लंगडत व्हती बिचारी. म्हणली, भाऊ, जरा पुढं सोडता का? शर्यतीचा मंडप दिसला तशी उतरली."

"हिरवी टोपी होती?"

"व्हय. तुला कसं म्हाईत?"

आमच्याकडे एसटीचा भरवसा नाही. रस्त्यावर कुणी हात केला की गाडी थांबवायची, तू कोण, कुठली, हे विचारायचं नाही. त्याने जन्मभर तेच केलं होतं. तेच त्याने शहरात केलं.

मी त्याला हाताला धरून स्टेजपाशी नेलं. तो तिला मऊ आवाजात म्हणाला, "ताई, मगाशी गाडीवरनं मीच सोडलं ना तुमाला?"

तिने त्याला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं. "कोण आहात तुम्ही? मी ओळखत नाही."

संयोजकांपैकी एकाने त्याला विचारलं, "तुम्ही या चौथ्या आलेल्या बाईंचे मिस्टर ना?" आणि तो हसला. कॉम्प्युटरमध्ये सगळं बरोबर दिसतंय म्हणाला. हिरव्या टोपीने पदक दातात धरून फोटो काढला. ते दात, ते पदक, तो हसणारा माणूस, सगळ्याची इतकी किळस आली की मी पाठ फिरवली. नवरा तिच्याकडे बघतच राहिला होता. तिने आपल्याला ओळखलं नाही, हे त्याला खरंच वाटत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही माझ्या माहेरी, डिंभ्याला निघालो. धरणाच्या अलीकडे एक म्हातारी गाठोडं घेऊन उन्हात उभी होती. तिने हात केला. अशा वेळी आम्ही नेहमी तिघं दाटीवाटीने बसायचो. गाडी हळू झाली, म्हणून मी पुढे सरकलेसुद्धा. मग त्याने वेग वाढवला. घुंगुरमाळ वाजत म्हातारीच्या समोरून गेली.

"अहो, थांबवा की," मी म्हणाले.

"मागनं यष्टी येतीय," तो म्हणाला.

एसटी येणार नव्हती. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.